बीज, क्षेत्र आणि उतरंड : मराठी कृषिव्यवहारातील काही शब्दांची मीमांसा

मराठीत 'कुणबी' म्हणजे शेत कसणारा. ह्या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप व्याकरणाच्या सरळ नियमाने 'कुणबीण' असे होते. आणि पेशवेकालीन कागदपत्रे चाळणाऱ्यास हे रूप पदोपदी भेटते. परंतु तेथे त्याचा अर्थ शेत कसणारी स्त्री असा नसून विकत घेतलेली दासी असा आहे. कुणबीण खरेदी केल्याचे, कोणास दिल्याचे, पळून गेल्याचे उल्लेख जमाखर्चात व पत्रव्यवहारात आढळतात. एकाच प्रकृतीपासून निघालेल्या दोन रूपांपैकी पुल्लिंगी रूपाने जमिनीचा धनी किंवा निदान जमिनीशी बांधलेला मानी गृहस्थ सूचित व्हावा आणि स्त्रीलिंगी रूपाने स्वतःच विक्रीचा पदार्थ झालेली व्यक्ती, ही गोष्ट केवळ अर्थसंकोचाचे एक उदाहरण म्हणून कोशाच्या तळटीपेत टाकून देण्यासारखी नाही. शेतीतील जैविक वैविध्य, त्यावर उभे असलेले पोषण आणि त्या दोहोंत स्त्रीचा वाटा ह्यांविषयी अलीकडे मराठीत पुष्कळ लिहिले जाते. ते लेखन ज्या शब्दांनी चालते त्या शब्दांची परीक्षा मात्र क्वचितच होते.

'-ईण' ह्या प्रत्ययाचे कार्य प्रथम पाहू जावे. पाटील-पाटलीण, वाणी-वाणीण, सोनार-सोनारीण ह्या जोड्यांत स्त्रीलिंगी रूप व्यवसाय दर्शवीत नाही. नाते किंवा जात दर्शविते. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. 'शेतकरी' ह्या शब्दात 'करी' हा कर्तृवाचक अंश उघड आहे. पण त्यास '-ईण' लागताच त्यातील करणे लोपते आणि 'शेतकरीण' म्हणजे शेतकऱ्याच्या घरातील स्त्री एवढाच अर्थ उरतो. हा दोष प्रत्ययाचा म्हणावा तर 'कोळीण', 'माळीण', 'बोहारीण' हे शब्द आडवे येतात. दारी मासळी घेऊन आलेल्या कोळणीस कोणीही केवळ कोळ्याची बायको समजत नाही. तिच्या डोक्यावर पाटी असते, भाव तीच ठरविते, पैसे तिच्याच कनवटीस जातात. जेथे स्त्रीच्या हाती माल आणि मोल दिसते तेथे भाषेने प्रत्ययास कर्तृत्वाचा अर्थ निमूटपणे दिला आहे. जेथे ते दिसत नाही तेथे दिलेला नाही. शेतात बाई दिवसभर राबते, परंतु बाजारात गाडी घेऊन जातो तो पुरुष, आणि सातबाऱ्यावर नाव असते तेही त्याचेच. भाषेने नोंद केली ती ह्या दिसण्याची.

ह्यावर तोड म्हणून शासकीय मराठीने 'महिला शेतकरी' हा जोडशब्द रूढ केला आहे. त्याचा हेतू चांगला असला तरी रचनेतच कबुली आहे की, विशेषणावाचून उच्चारलेला 'शेतकरी' पुरुषच समजावयाचा. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. शेतात प्रत्यक्ष राबणाऱ्या हातांपैकी स्त्रियांचे हात ह्याहून कितीतरी अधिक आहेत हे कोणत्याही गावच्या बांधावर उभे राहून कळावे. वहितीधारक आणि शेतकरी हे दोन शब्द पर्यायी मानण्याची सवय जडली की, उरलेल्या सगळ्या स्त्रिया शेतीविषयक योजनांच्या, कर्जाच्या व नुकसानभरपाईच्या व्याकरणातून गळतात. डॉ. एम. एस. स्वामीनाथन ह्यांनी राज्यसभेत मांडलेले २०११ चे स्त्री-शेतकरी हक्कांचे खासगी विधेयक ह्याच तुटीवर बोट ठेवणारे होते. ते चर्चेवाचून व्यपगत झाले. जोतीराव फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त (१८९१) 'स्त्री-पुरुष' हे दोन्ही शब्द पुन्हा पुन्हा, वाचकास कंटाळा येईल इतक्या चिकाटीने, जोडीने लिहिले आहेत. ती शैलीची हेळसांड नव्हती. एका शब्दात दुसरा गृहीत धरला की काय होते हे त्यांना माहीत होते.

आणखी एक जोडी ह्याच जातीची आहे. शेतकऱ्यास गौरवाने 'अन्नदाता' म्हणतात आणि गृहिणीस 'अन्नपूर्णा'. दोन्ही संस्कृत, दोन्ही भारदस्त. पण अन्नदाता पिकवितो आणि अन्नपूर्णा वाढते, अशी कामाची वाटणी त्यांत परस्पर झाली आहे. जी स्त्री सकाळी खुरपावयास गेली, दुपारी सरपण घेऊन आली आणि रात्री भाकरी थापू लागली तिचे पूर्वार्धातले श्रम ह्या शब्दांना दिसत नाहीत. शिवाय अन्नपूर्णेने जेवावयाचे केव्हा? सर्वांचे झाल्यावर. मराठीत 'उष्टे', 'शिळे', 'खरपुडी', 'उरलेसुरले' हा अन्नाच्या अवशेषांचा एक मोठाच शब्दसमूह आहे, आणि त्याचा भोक्ता बहुधा एकच असतो. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात लोहाचे तेज उणे आढळले. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. ह्या आकड्यांची कारणे अनेक आहेत हे खरे. परंतु त्यांतील एक कारण ताटाच्या क्रमात आहे, आणि त्या क्रमास 'अन्नपूर्णा' हा शब्द सुंदर पडदा पुरवितो.

आता बीज आणि क्षेत्र. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री ही क्षेत्र व पुरुष हा बीज अशी कल्पना मांडून संततीवरील हक्काचा खल केलेला आहे. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे ह्यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात ह्याच रूपकाची सामाजिक फलश्रुती उलगडून दाखविली : बीज ज्याचे त्याचे पीक असे एकदा ठरले की, शेताने कितीही पोसले तरी त्यास हक्क राहात नाही, आणि रूपकातले हे अनुमान पुढे जमिनीच्या व उत्पादनाच्या मालकीसही सहज लागू करता येते. ह्या निबंधाचे महत्त्व मान्य करूनही त्याच्या पुढे एक पाऊल टाकावयास हवे. रूपक उलटे करून वास्तवाशी ताडून पाहिले तर काय दिसते? रूपकात बीज पुरुषाचे आणि शेत स्त्री. प्रत्यक्ष गावात शेत पुरुषाचे आणि बी स्त्रीच्या ताब्यात. कोणते कणीस बियाण्यासाठी राखावयाचे हे तिने ठरवावयाचे. ते आढ्याला टांगणे, धुराला धरणे, राखेत घोळणे, कडुनिंबाचा पाला घालून गाडग्याचे तोंड लिंपणे ही सर्व तिची कामे. म्हणजे ज्या वस्तूवर तिचा निर्विवाद ताबा होता त्याच वस्तूचे नाव शास्त्रकारांनी पुरुषास दिले, आणि ज्या वस्तूवर तिला कोणताही हक्क नव्हता तिचे नाव तिला दिले. रूपके निर्दोष नसतात हे ठाऊक आहे. इतकी अचूक अदलाबदल मात्र विरळा.

ह्या पार्श्वभूमीवर 'बीजमाता' ह्या उपाधीकडे पाहावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई सोमा पोपेरे ह्यांनी भात, वाल, घेवडा, भाजीपाला ह्यांचे स्थानिक वाण वर्षानुवर्षे गोळा करून, वाढवून, इतरांस देऊन जे कार्य केले त्याबद्दल त्यांस २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. महादेव कोळी समाजातील, शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या बाईंच्या घरी बीजकोश उभा राहिला, त्यास बाएफ ह्या संस्थेचे साह्य लाभले, आणि वृत्तपत्रांनी त्यांस बीजमाता म्हटले. बीज हा शब्द अखेर स्त्रीकडे आला हे इष्टच. पण तो 'माता' होऊन आला. जे काम शंभर वाणांतील भेद डोळ्यांनी, जिभेने व हातांनी ओळखण्याचे, पेरणीचा काळ व जमिनीचा कस ताडण्याचे, उगवणशक्ती राखण्याचे आहे ते सर्व काम वात्सल्याच्या खाती जमा झाले. विद्यापीठात हेच काम करणाऱ्या पुरुषास कोणी 'बीजपिता' म्हणत नाही. त्यास 'पैदासकार' म्हणतात आणि वेतन देतात. गौरवपर लेखांत आणखी एक अव्यय हमखास येते : 'अशिक्षित असूनही'. ह्या 'ही'त आश्चर्य आहे, आणि आश्चर्यात मूळचे गृहीतक आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली ग्रंथरूपाने आली तेव्हापासून मराठी समीक्षेने हेच 'असूनही' त्यांच्यासाठीही वापरले. त्यांच्या कवितेतील तत्त्वज्ञानाची, सहजस्फूर्तीची, अहिराणी-खानदेशी गोडव्याची चर्चा भरपूर झाली; शेतीतील अवजारे, पिकांच्या अवस्था, खळ्यावरची कामे ह्यांचे जे काटेकोर ज्ञान त्या शब्दकळेच्या मुळाशी आहे त्याची ज्ञान म्हणून मोजदाद झाली नाही. कवयित्री शेतकरी होती हे चरित्रात सांगावयाचे आणि समीक्षेत विसरावयाचे, असा हा शिरस्ता आहे.

हाच शिरस्ता ओवीच्या बाबतीत अधिक ठळक आहे. साने गुरुजी, दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर ह्यांच्या संकलनांनी व विवेचनांनी जात्यावरच्या ओवीस साहित्यात मानाचे स्थान मिळाले. पुढे हेमा राईरकर व गी पॉइटवँ ह्यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. हे ऋण मोठे आहे. परंतु ओवीवरील बहुतेक लेखनात जाते हे एक वाद्य होऊन बसले आहे. बाई काय गात होती हे विचारले गेले. काय दळीत होती हे कोणी विचारले नाही. त्या पहाटे खुंट्याखाली जोंधळा होता, नाचणी होती की दुष्काळात कसले तरी बी, ह्यावर त्या घराचे त्या दिवसाचे पोषण अवलंबून होते. गाणाऱ्या बाईच्या हाताला किती ओढ बसत होती तेही. पीठ आणि गीत एकाच जात्यातून बाहेर पडले, आणि समीक्षेने त्यांतील एकच सुपात घेतले.

शब्दांच्या ह्या संसारात 'उतरंड' ह्या शब्दाचे भाग्य विलक्षण म्हटले पाहिजे. एकावर एक रचलेल्या, खाली मोठे व वर लहान अशा क्रमाने चढत गेलेल्या मातीच्या भांड्यांची रास म्हणजे उतरंड. माजघराच्या कोपऱ्यातील ह्या राशीत डाळी, कडधान्ये, मसाल्याचे जिन्नस आणि पुढच्या वर्षाचे बी राहात असे. कोणत्या गाडग्यात काय, ते केव्हाचे, कोणाकडून आलेले, ह्याची नोंद घरधनिणीच्या स्मृतीत. धान्य साठविण्याचे इतर शब्द पाहावेत : पेव जमिनीखाली, बळद भिंतीत, कणगी ओसरीवर किंवा माळ्यावर. ही पुरुषांच्या हिशेबातील भांडारे. त्यांचे माप खंडीने व मणाने. उतरंडीचे माप शेर, मापटे, चिपटे, निळवे असे उतरत जाते. शेतीची आकडेवारी खंडीपासून क्विंटलपर्यंत व क्विंटलपासून टनापर्यंत वर चढत गेली. चिपट्यात मावणारे पीक तीत कधी आलेच नाही. राळा, मटकी, हुलगा, अंबाडी, कारळे, बांधावरचा वाल, परड्यातील दुधी, हे सर्व चिपट्याचे जग आहे. घराच्या जेवणास चव आणि सकसपणा बव्हंशी ह्याच जगातून येत असे. मुख्य पिकाच्या ओळींत कडधान्याची ओळ घालावयाची ती ह्याच जगासाठी, आणि ती घालावी असा आग्रह धरणारी घरातील बाईच. आज नागर मराठीत उतरंड हा शब्द सर्रास ऐकू येतो. परंतु तो 'जातीची उतरंड', 'सत्तेची उतरंड' ह्या प्रयोगांत. वस्तू गेली, साठवण गेली, आणि शब्दात उरला तो एकावर एक असण्याचा भार.

तणाची गोष्ट अशीच उद्बोधक आहे. 'तण' म्हणजे नको असलेली वनस्पती. पण नको कोणाला? घोळ, चिघळ, पाथरी, तांदुळजा, कुर्डू ह्या खुरपणीत निघणाऱ्या वनस्पती कृषिशास्त्राच्या पुस्तकात तणांच्या प्रकरणात येतात. खुरपणारी बाई त्यांना ओट्यात वेगळे काढते व संध्याकाळी शिजविते. तिच्या भाषेत त्या भाज्या आहेत. एकच रोप, एकाच दिवशी, एकाच शेतात, खुरप्याच्या ह्या बाजूस तण आणि त्या बाजूस भाजी. सह्याद्रीच्या पट्ट्यात तर पावसाळ्याचे पहिले दोन महिने टाकळा, फोडशी, भारंगी, करटोली, शेवळे ह्यांवर बरीचशी भिस्त असते. शेवळे नुसते शिजविले तर घशास खाज सुटते. त्यात काकडाची आंबट फळे घालावी लागतात. हे ज्ञान जंगलात कोणते झाड केव्हा फळते येथपासून चुलीवर कशात काय मुरते येथपर्यंत पसरलेले आहे आणि त्याचा वाहक जवळपास सर्वत्र स्त्री हाच आहे. तणनाशकाची फवारणी सुरू झाली तेव्हा बाईच्या कंबरेचे कष्ट वाचले, आणि तिची मजुरी व तिची भाजी दोन्ही गेली. ह्या तिहेरी फेरफाराची नोंद 'तणनियंत्रण' ह्या शब्दात होऊ शकत नाही, कारण तो शब्द केवळ पिकाच्या बाजूने विचार करतो.

परंपरेच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही येथे फार हुरळून जाऊ नये. ऋषिपंचमीस बैलाच्या कष्टाचे खावयाचे नाही, परसात किंवा रानात आपोआप उगवलेले, हाताने लावलेले खावयाचे, असा नेम आहे; त्यासाठी अळू, माठ, सुरण, पडवळ, भोपळा अशा अनेक भाज्या एकत्र करून ऋषीची भाजी होते, आणि कित्येक ठिकाणी आपसूक उगवणारा देवभात शोधून आणतात. वर्षातून एकदा का होईना, नांगराबाहेरच्या अन्नाची ओळख ताजी ठेवणारी ही प्रथा आहे आणि जैविक वैविध्याच्या अभ्यासकांना तिचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे व्रत स्त्रियांनी का करावयाचे? विटाळाच्या काळात कळत-नकळत घडलेल्या स्पर्शाचा दोष जावा म्हणून. ज्या व्रतात तिचे ज्ञान सुरक्षित राहिले त्याच व्रताने तिचे शरीर अपराधी ठरविले आहे. ह्यांतील पहिली गोष्ट सांगून दुसरी गाळणारे लेख अलीकडे दिवसेंदिवस वाढत आहेत. ते अर्धे वाचन होय.

'भरडधान्य' ह्या शब्दास तर स्वतंत्र प्रकरणच हवे. 'भरड' म्हणजे जाडेभरडे. ज्वारी, बाजरी, नाचणी ह्या धान्यांना एकत्रितपणे भरडधान्य म्हणण्याची रीत मराठी शेतकऱ्याची नव्हे. इंग्रजी अमदानीच्या धान्यवर्गीकरणातून ती भाषांतराने आली. कुणब्याच्या बोलीत जोंधळा हा जोंधळाच, आणि त्यातही मालदांडी वेगळा, दगडी वेगळा, हुरड्याचा गुळभेंडी वेगळा. आंबेमोहर, जिरेसाळ, घनसाळ, काळभात ही भातांची नावे, किंवा कोरेगाव भागातील वाघ्या घेवड्याचे नाव पाहिले तरी ध्यानात येते की, ही नावे गंधावरून, आकारावरून, रंगावरून, अंगावरील पट्ट्यांवरून पडली आहेत. म्हणजे ज्याने निवडले, शिजविले व चाखले त्याने ती ठेवली आहेत. १९६४ साली आलेल्या ज्वारीच्या पहिल्या संकरित वाणास सीएसएच-१ असे नाव होते. आकड्याच्या नावास चव नसते. आणि योगायोग असा की, त्या ज्वारीच्या भाकरीबद्दलही बायकांची तक्रार तीच होती. ताटे ठेंगणी असल्याने कडबा कमी पडला हे निराळे. उत्पादनाच्या आकड्यात ह्या तक्रारीस जागा नव्हती. लोकांनी आपल्या पद्धतीने न्याय केला : 'हायब्रीड' हा शब्द मराठी बोलीत दिसावयास मोठे पण आतून कस नसलेले अशा कशासही लागू होणारे विशेषण झाला.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे भाव ठरविले. हेतू गरिबास स्वस्त धान्य मिळावे हा. तरीही दरपत्रकात 'भरड' ह्या शब्दाचे मोल रुपयात उतरलेले स्पष्ट दिसते. त्याच कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीस कुटुंबप्रमुख मानले, ही त्यातील न्याय्य गोष्ट; मात्र हे प्रमुखपद दुकानातून धान्य आणण्यापुरते आहे, पिकविण्यापुरते नाही. पुढे २०१८ मध्ये केंद्र शासनाने ह्याच धान्यांना 'पौष्टिक तृणधान्ये' म्हणावे असे ठरविले, आणि २०२३ ह्या संयुक्त राष्ट्रांनी घोषित केलेल्या आंतरराष्ट्रीय वर्षाच्या निमित्ताने 'श्रीअन्न' हा शब्द आला. पन्नास वर्षे जे भरड होते ते पाच वर्षांत श्री झाले. नाचणीच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना असतो आणि सडलेल्या तांदळात तो १० मिलिग्रॅमच्या आसपास. तेव्हा गौरव अनाठायी आहे असे कोणी म्हणणार नाही. आक्षेप आहे तो एका शब्दाखाली अनेक धान्ये कोंबण्यास. ज्वारी, बाजरी, नाचणी सरळ दळता येतात. वरई, राळा, सावा, कोदरा ह्यांचे कवच दाण्यास घट्ट चिकटलेले असते. ते कांडल्याशिवाय सुटत नाही. कोण कांडणार?

येथे मराठी क्रियापदांची श्रीमंती साक्षीस बोलवावी. कांडणे, सडणे, भरडणे, दळणे. सुपात घेतल्यावर पाखडणे वेगळे, आसडणे वेगळे, घोळणे वेगळे. मग निवडणे, टिपणे, वेचणे. एका दाण्याच्या वाटेवर इतकी क्रियापदे उभी आहेत आणि घरात त्या सर्वांचा कर्ता प्रायः स्त्रीलिंगी. डोंगरातील कित्येक घरांतून वरई मागे पडली आणि तांदूळ पुढे आला त्याचे कारण केवळ शिधावाटपाचा स्वस्त तांदूळ अथवा प्रतिष्ठेची हाव हे नव्हे. उखळापासून सुटका हेही त्याचे कारण आहे, आणि ते सन्मान्य कारण आहे. बाईने पोषण सोडले असे म्हणणाऱ्याने तिने मुसळ सोडले हेही म्हणावे. नाशिककडे भगरीच्या गिरण्या आहेत, म्हणून उपवासाच्या ताटात वरई टिकली. पिकविणाऱ्या पाड्यावर तशी गिरणी नाही, म्हणून तेथे ती रोजच्या ताटातून उठली. वैविध्य राखा असा उपदेश ज्या घरास करावयाचा त्या घरी आधी कवच काढण्याचे यंत्र पोचले पाहिजे. नाही तर 'श्रीअन्न' हा शब्द शहरातील ताटाचा गौरव करील आणि गावातील मनगटावर वजन वाढवील.

ह्याच क्रियापदांतील 'निवडणे' ह्याचे एक विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. वनस्पतींच्या पैदासशास्त्रात 'निवड' ही पारिभाषिक संज्ञा आहे. निवड पद्धतीने विकसित केलेला वाण असे आपण वाचतो. संज्ञा अर्थातच सुपातून उचललेली आहे. प्रयोगक्षेत्रावर झाली की ती निवड, आणि माजघरात झाली की ते 'निवडणे-टिपणे', म्हणजे रिकामपणाचे काम. परिभाषा करणाऱ्यांनी बोलीतील शब्द घेतला हे स्तुत्यच. तो घेताना त्यातील कर्ती मात्र मागे ठेवली.

कायद्याची भाषा ह्या बाबतीत साहित्यसमीक्षेपेक्षा उदार निघावी, हे थोडे संकोचाचे वाटते. वनस्पतींचे वाण व शेतकऱ्यांचे हक्क ह्यांविषयीच्या २००१ च्या अधिनियमात शेतकऱ्याची व्याख्या तीन अंगांनी केली आहे. पहिले अंग स्वतः जमीन कसणाऱ्याचे, आणि मूळ इंग्रजी संहितेत तेथे पुल्लिंगी सर्वनाम आहे. दुसरे अंग देखरेख करून कसविणाऱ्याचे. तिसऱ्यात मात्र रानजाती किंवा पारंपरिक वाण एकट्याने वा इतरांसह जतन करणारी, अथवा त्यांचे उपयुक्त गुण ओळखून निवडीने त्यांत भर घालणारी कोणतीही व्यक्ती शेतकरी होय, असे म्हटले आहे. ही अंगे 'किंवा'ने जोडलेली आहेत. म्हणजे नावावर एक गुंठा जमीन नसलेली, परंतु उतरंडीत बी राखणारी बाई ह्या व्याख्येने पूर्ण अर्थाने शेतकरी ठरते. 'शेतकरीण' ह्या शब्दास जे दोनशे वर्षांत साधले नाही ते एका उभयान्वयी अव्ययाने साधले. पण व्याख्या संहितेत आहे आणि तलाठ्याच्या दप्तरात नाही, तोवर तिचा उपयोग वाणाच्या नोंदणीपुरता आणि पारितोषिकापुरता, पीककर्जासाठी नव्हे.

जमिनीच्या अंगाने झालेले प्रयत्नही शब्दांतून बोलतात. शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे भरविलेल्या महिला अधिवेशनानंतर काही वर्षांनी 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम हाती घेतली; पतीने काही जमीन स्वखुशीने पत्नीच्या नावे करावी हा तिचा आशय. कित्येक स्त्रियांचे नाव त्यामुळे सातबाऱ्यावर आले, आणि सातबाऱ्यावरचे नाव रूपक नसते. हे यश निःसंशय मोठे. नावात मात्र पुन्हा देवी आली, आणि क्रियापदाचा कर्ता देणारा नवराच राहिला. मराठवाड्यात स्वयम् शिक्षण प्रयोग ह्या संस्थेने लातूर, धाराशिव भागांत स्त्रियांसमवेत जे काम केले, ज्याबद्दल २०१६ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय इक्वेटर पारितोषिक मिळाले, त्यातील शब्द ह्याच्या तुलनेत रूक्ष आहे : 'एक एकर'. घरच्या जमिनीपैकी अर्धा-एक एकर बाईने मागून घ्यावयाचा. त्यात कोणते धान्य, कोणती डाळ, कोणती भाजी, आधी घरास किती आणि बाजारास किती, हे तिने ठरवावयाचे. येथे माता नाही, लक्ष्मी नाही, अन्नपूर्णा नाही. एक माप आहे, आणि त्या मापाच्या आत निर्णय तिचा आहे. दुष्काळी तालुक्यात, ऊस व सोयाबीन ह्यांच्या वेढ्यात, त्या एकरभरात पुन्हा मिश्र पिके दिसू लागली, हे केवळ कृषिशास्त्रीय यश नव्हे. मालकी न बदलता निर्णय बदलला, आणि ताटातला बदल त्याच्या मागून आला. मालकीचा प्रश्न अर्थात तसाच राहिला आहे. मागून घेतलेला एकर मागे घेतलाही जाऊ शकतो.

बियांच्या देवघेवीचे शब्द शेवटी पाहावयाचे. सावकाराने धान्य द्यावयाचे आणि सुगीस दीडपट घ्यावयाचे, त्यास 'वाढीदिढी' म्हणत. हा पुरुषांचा, कागदाचा व्यवहार. बायकांचा शब्द 'उसने' : जेवढे नेले तेवढेच परत, माप तेच, कागद नाही. आणि तिसरा शब्द 'वानोळा'. नवे पीक हाती आले की त्यातील थोडे शेजारी, सोयऱ्यांत, लेकीच्या घरी पाठवावयाचे. परत मागावयाचे नाही. 'वाण' हा शब्द मराठीत दोन आहेत, एक 'वर्ण'शी जोडलेला व प्रकार दाखविणारा, दुसरा 'वायन'पासून आलेला व बायकांनी एकमेकींस द्यावयाच्या भेटीचा. संक्रांतीच्या सुगडात हरभरा, बोरे, लोंबी, तीळ भरून बायका एकमेकींस वाण देतात तेव्हा हे दोन्ही शब्द एकाच मडक्यात येतात. माहेरचा वाल सासरच्या कुंपणावर चढला तो असाच. पिकांचे वाण डोंगर ओलांडून कसे पसरले ह्याचा शोध घेणाऱ्याने विवाहसंबंधांचा नकाशा हाती घ्यावा. बरीचशी वाट त्यावर सापडेल. २००१ च्या अधिनियमाचे एकोणचाळिसावे कलम शेतकऱ्यास बी राखण्याचा, वापरण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटून देण्याचा व विकण्याचा हक्क देते. छापील नाममुद्रेखाली विकण्याचा तेवढा देत नाही. ह्यातील 'अदलाबदल' आणि 'वाटून देणे' ह्या दोन क्रियांसाठी मराठीत 'उसने' व 'वानोळा' हे शब्द आयते होते. लेकीच्या ओटीत बांधलेल्या पुरचुंडीत नेमके कोणते बी होते हे मात्र कोणत्याच कोशात वा दप्तरात लिहिलेले नाही. ते ज्यांना सांगता येईल अशा बायका अकोल्याच्या व जव्हारच्या पाड्यांवर आज सत्तरीच्या पुढे आहेत.